पातं एकीकडचं, मूठ दुसरीकडची

कोकणातल्या जुन्या घरात माळ्यावरच्या पेटाऱ्यात कधीतरी एखादा खंजीर सापडतो आणि घरचे सांगून मोकळे होतात, "शिवकालीन आहे." असेलही. पण त्यातलं नेमकं काय शिवकालीन? पातं, मूठ की म्यान? चौल-दाभोळला अरबांची गलबतं लागत, वसईत पोर्तुगीज होते, जंजिऱ्यावर सिद्दी. युरोपातून आलेल्या पात्यांना इथल्या मुठी बसवून फिरंग तलवारी होत. दक्षिणेत तर लांब परदेशी पात्याचा तुकडा रिवेट मारून कट्यारीला जोडत. त्यामुळे जोडकाम दिसलं की लगेच बनावट म्हणू नये.

अदलाबदल सोपीही होती. पात्याचं निमुळतं शेपूट मुठीच्या पोकळीत घालून लाखेनं पक्कं करत. लाख तापली की मूठ सुटते. म्हणून तपासणी सांध्यापासून सुरू करावी. हस्तिदंती किंवा शिंगाच्या मुठीचा एक्स-रे काढला आणि शेपूट मध्येच कापलेलं दिसलं, तर ही जोडी जन्मापासूनची नव्हे.

पातं सगळ्यात बोलकं. मुशीत वितळवून केलेल्या भारतीय पोलादात, म्हणजे वुट्झमध्ये, कार्बन साधारण दीड टक्का असतो. त्यातले कार्बाइडचे कण ठोकताना रांगांत बसतात आणि सौम्य आम्ल लावलं की पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. न वितळवता भट्टीत काढलेल्या लोखंडात मळीच्या, म्हणजे खनिजातल्या वितळलेल्या कचऱ्याच्या, बारीक रेघा राहतात. 1856 मध्ये कारखान्यात भरपूर पोलाद करायची बेसेमरची पद्धत आली आणि पुढे कारखान्यातल्या पोलादात मँगनीज मुद्दाम घालू लागले. पात्यात मळी नाही, लहर नाही आणि मँगनीज मात्र अर्धा टक्का, असं निघालं की शिवकाळाचा दावा तिथेच संपला.

पितळी मुठीत जस्त मोजतात. जस्ताचं खनिज आणि तांबं एकत्र तापवून केलेल्या पितळात ते साधारण 30 टक्क्यांपुढे जात नाही. त्याहून जास्त हवं तर शुद्ध जस्त लागतं. राजस्थानातल्या जावरला ते मध्ययुगातच गाळत होते, इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियननं त्याचं पेटंट घेतलं 1738 मध्ये. म्हणून खरोखर जुन्या मुठीत 35 टक्के जस्त निघालं तर आधी इथल्या ओतकामाचा विचार करावा. एकोणिसाव्या शतकापासून मात्र असं पितळ सगळीकडेच मिळतं.

क्ष-किरण टाकून धातूतले घटक मोजणारं एक्सआरएफ यंत्र धातूला ओरखडाही न काढता काम करतं, पण वाचतं फक्त वरचा पातळ थर. खंडेनवमीला वर्षानुवर्षं चिंचेनं घासलेल्या पितळेच्या त्याच थरातलं जस्त आधी निघून गेलेलं असतं. लखलखीत मूठ यंत्राला चकवते! मोजायचं तर हात न पोचलेल्या खाचेत मोजावं.

सांध्यातली जुनी लाख खरवडून टाकू नये. ती सेंद्रिय असल्यानं कार्बन-14 नं तिचं वय काढता येतं. 1650 नंतरच्या काळासाठी उत्तर ढोबळच मिळतं, पण ते जोडणीच्या वेळेचं असतं. पातं त्याआधी कितीही जुनं असू शकतं.