स्क्रॅचबिल्डिंग : प्राथमिक हत्यारे

तयार सुट्या भागांचा संच न वापरता पुठ्ठा, लाकूड, प्लॅस्टिकची शीट, पत्रा, तार अशा कच्च्या मालातून एखाद्या वस्तूची ठरावीक प्रमाणातील प्रतिकृती घडवण्याच्या छंदाला स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. आगगाड्या, जहाजे, विमाने व इमारती हे त्याचे नेहमीचे विषय. या नोंदीत नवशिक्याला लागणाऱ्या हातहत्यारांचा विचार केला आहे.

संज्ञेतील ‘स्क्रॅच’ या शब्दाबद्दल मतभेद आहेत. प्लॅस्टिकच्या शीटवर चरा पाडून ती मोडतात, त्यावरून हे नाव पडले, असे काही छंदप्रेमी सांगतात. परंतु ‘फ्रॉम स्क्रॅच’ हा इंग्रजी वाक्प्रयोग पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या शीटपेक्षा पुष्कळ जुना असल्याने हे मत टिकत नाही. दुसरे मत जुन्या मुष्टियुद्धातील जमिनीवरच्या रेघेकडे बोट दाखवते. प्रतिस्पर्ध्यांना त्या रेघेपाशी येऊन उभे राहावे लागे. तिसऱ्या मतानुसार ही रेघ धावण्याच्या शर्यतीची आरंभरेषा होय. सवलतीच्या शर्यतीत कमजोर स्पर्धकांना काही अंतर पुढून निघू देत. ज्याला सवलत नसे तो रेघेवरूनच निघे. हाताशी आयते काही नसताना केलेली सुरुवात, हा आजचा अर्थ या तिसऱ्या मताशी अधिक जुळतो.

ही पद्धत संचांहून जुनी आहे, हे उघडच आहे. नेपोलियनकालीन युद्धांत इंग्लंडमधील नॉर्मन क्रॉस येथील छावणीत ठेवलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातून उरलेल्या हाडांची जहाजे केली. त्यांची कारागिरी थक्क करणारी असली, तरी ती काटेकोर प्रमाणात क्वचितच असतात. प्लॅस्टिकचे संच सर्वसाधारणपणे १९३६ मधील ब्रिटनच्या फ्रॉग या ब्रँडच्या ‘पेंग्विन’ मालिकेपासून मोजतात. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी शाळकरी मुलांकडून १:७२ प्रमाणात लाकडी विमाने करवून घेतली. पाच लाखांचे उद्दिष्ट होते. या कामाची मुख्य साधने चाकू, पॉलिश पेपर आणि आकार पडताळण्याचे फर्मे एवढीच. नवशिक्याच्या हत्यारांची यादी किती छोटी असू शकते, याचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

हत्यार निवडताना पहिला खर्च कापण्यावर करावा असे वाटते. प्रत्यक्षात तो मापण्यावर करणे श्रेयस्कर. १:८७ या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची चूक मूळ वस्तूवर साडेत्रेचाळीस मिलिमीटरची होते. म्हणून कोरीव खुणांची पोलादी पट्टी, छोटा गुण्या आणि शक्य झाल्यास व्हर्निअर कॅलिपर आधी घ्यावेत. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी पात्याने सोलली जाते. खुणेसाठी ०.५ मिमी. शिशाची पेन्सिल चालते, पण धातूवर व प्लॅस्टिकवर सुईने ओढलेली रेघ अधिक बारीक असते. भारतीय आगगाड्या करणाऱ्यांना मापाची अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी. रुंद आहे, १:८७ मध्ये तो सुमारे १९.३ मिमी. होतो, तर या प्रमाणाचा बाजारातील तयार रूळ १६.५ मिमी.चा असतो. नेरळ-माथेरानच्या ६१० मिमी. गेजला त्याच प्रमाणात ७ मिमी. लागतात. तयार रूळ वापरून फरक सोडून देणे किंवा रूळही हातानेच करणे, असे दोन मार्ग उरतात.

कापण्यासाठी मोडत्या पात्याचा कटर (बोथट टोक मोडले की नवी धार पुढे येणारा) सर्वांत सोयीचा. त्याचा शोध बहुधा १९५६ च्या सुमारास जपानमधील ओसाका येथे लागला. छापखान्यात काम करणारे योशिओ ओकादा यांना काचेच्या फुटलेल्या तुकड्याची धार आणि चॉकलेटच्या वडीवरील मोडायच्या खाचा यांवरून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. चॉकलेटची कथा नंतर रंगवली गेली असण्याची शक्यता आहे. ओकादांचे श्रेय मात्र सर्वसाधारणपणे मान्य होते. सुरुवातीच्या उत्पादनाशी निप्पॉन ट्रान्सफर पेपर या कंपनीचे नाव जोडले जाते. कटरच्या नावातील ‘एनटी’ ही अक्षरे तिचीच. ओकादा बंधूंची स्वतंत्र कंपनी १९६७ ची. तिचे ‘ओल्फा’ हे नाव ‘मोडायचे पाते’ या अर्थाच्या जपानी शब्दांवरून आले. आपल्याकडे स्थापत्यशाखेचे विद्यार्थी कोणत्याही कंपनीच्या अशा कटरला ‘एनटी कटर’च म्हणतात. नेहमीच्या पात्याची रुंदी ९ मिमी. असते, बारीक कामाला ३० अंशांच्या टोकाचे पाते बरे. वळणदार कापासाठी शस्त्रक्रियेची सुरी आणि ११ क्रमांकाचे पाते घ्यावे. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि ते पट्टीवरून निसटते; बोट कापते ते बहुधा यामुळे. पाते मोडण्यात काटकसर करू नये.

पुढची हत्यारे मालावर ठरतात. पॉलिस्टायरीनच्या शीटवर दोनतीन हलके चरे ओढून ती मोडली की कड सरळ येते. करवत लागत नाही. सनबोर्ड व माउंट बोर्ड एका दमात न कापता अनेक हलक्या फेऱ्यांत कापावे. पितळेच्या पत्र्याला सोनाराची बारीक पात्याची करवत आणि सुईसारख्या कानशींचा संच हवा. गोल, चपटी व त्रिकोणी या तिघींवर बरेच काम भागते. बाल्सा व इतर लाकडांना पॉलिश पेपर पुरतो, मात्र तो बोटांनी न धरता सपाट ठोकळ्यावर चिकटवावा, नाहीतर कडा गोल होतात. याशिवाय चिमटा, हाताने फिरवायची बारीक ड्रिल आणि पकड म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी येथे यांतील बहुतेक वस्तू हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात.

चिकटवण्यासाठी लाकूड-पुठ्ठ्याला फेविकॉल व धातूला सायनोअ‍ॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद). पॉलिस्टायरीनला मात्र पृष्ठभाग विरघळवून जोडणारे द्रावक लागते. ते ब्रशने सांध्यावर लावतात, खिडकी उघडी ठेवून.

कापण्या-घासण्याचे विजेवर फिरणारे छोटे यंत्र नवशिक्याने मागाहून घ्यावे. त्याच्या वेगाने पॉलिस्टायरीन कापले जाण्याआधीच वितळते आणि वितळलेला थर पात्याभोवती गुंडाळून बसतो.