एक शब्द, अनेक अर्थ : इंग्रजीतील अनेकार्थतेची पार्श्वभूमी

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील सर्वांत लांब नोंद 'सेट' या तीन अक्षरी क्रियापदाची होती. त्याचे सुमारे ४३० अर्थ सांगण्यासाठी कोशकारांना जवळपास ६० हजार शब्द खर्ची घालावे लागले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू असताना २०११ साली 'रन' या क्रियापदाची नोंद पूर्ण झाली आणि तिची अर्थसंख्या ६४५ वर पोहोचली. 'सेट', 'रन', 'पुट', 'टेक' हे इंग्रजी शिकणाऱ्याला पहिल्याच वर्षी भेटणारे शब्द आहेत. शास्त्रातील लांबलचक संज्ञेला बहुधा एकच अर्थ असतो. गोंधळ घालतात ते हे छोटे, रोजच्या वापरातले शब्द. यामागे भाषेचा हजार-बाराशे वर्षांचा इतिहास आहे.

त्या इतिहासाकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. काही वेळा मुळात वेगळे असलेले दोन शब्द उच्चार आणि अक्षरे झिजून एकसारखे दिसू लागतात, तर काही वेळा एकाच शब्दाला काळाच्या ओघात अर्थाच्या फांद्या फुटतात. पहिल्या प्रकारच्या शब्दांना कोशात स्वतंत्र नोंदी मिळतात, दुसऱ्या प्रकारात एकाच नोंदीखाली क्रमांक पडत जातात.

पहिल्या प्रकाराचे चांगले उदाहरण म्हणजे 'लाइट'. प्रकाश या अर्थाचा 'लाइट' आणि हलका या अर्थाचा 'लाइट' हे मूळचे दोन निरनिराळे जर्मानिक, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या भाषाकुळातल्या त्या कुळातले, शब्द. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत ते आजही 'लिख्ट' आणि 'लाइख्ट' असे वेगळे राहिले आहेत. परवानगी देणे या अर्थाच्या 'लेट' या क्रियापदाची कथा याहून चमत्कारिक आहे. जुन्या इंग्रजीत त्याच्या शेजारी जवळपास तशाच उच्चाराचे, पण अडवणे या अर्थाचे दुसरे क्रियापद होते. दोघांचे रूप एक झाल्यावर एकच शब्द 'जाऊ देणे' आणि 'जाण्यास अडथळा करणे' असे दोन्ही सांगू लागला. अशी अडचण भाषा फार काळ सोसत नाही, त्यामुळे अडथळ्याचा अर्थ हळूहळू मागे पडला. तो आता उरला आहे कायद्याच्या ठराविक शब्दप्रयोगांत आणि टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून योग्य चौकटीत पडल्यावर पंच जे 'लेट' पुकारतात त्यात.

या गर्दीत १०६६ साली फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांची भर पडली. काडेपेटीतील काडी या अर्थाचा 'मॅच' फ्रेंचमधील दिव्याच्या वातीच्या शब्दावरून आला, तर बरोबरीचा जोडीदार, आणि पुढे सामना, या अर्थाचा 'मॅच' जुन्या इंग्रजीतलाच. 'बँक' या शब्दाने मात्र ही वर्गवारी किती डळमळीत आहे तेही दाखवून दिले आहे. नदीचा काठ सांगणारा शब्द स्कँडिनेव्हियन वळणाने आला आणि पैशांची पेढी सांगणारा इटालियन-फ्रेंच मार्गाने, म्हणून कोश त्यांना दोन शब्द मानतात. पण इटालियन भाषेतील सराफाच्या बाकाचा तो शब्दही मुळात जर्मानिक कुळातूनच तिकडे गेलेला होता. म्हणजे हे दोघे लांबचे भाऊबंद ठरतात.

दुसरा प्रकार, म्हणजे एकाच शब्दाचा अर्थविस्तार, अधिक रोचक वाटतो, कारण त्यात प्रत्येक पायरी समजण्याजोगी असते आणि तरीही शेवटचा अर्थ पहिल्याला ओळखही दाखवत नाही. 'बोर्ड' म्हणजे आधी फळी. फळीचे मेज झाले, मेजावर जेवण आले, म्हणून राहण्या-जेवणाच्या सोयीत 'बोर्ड' शब्द शिरला. त्याच मेजाभोवती विचारविनिमयाला बसणारी मंडळी पुढे संचालक मंडळ झाली. 'फास्ट'चा मूळ अर्थ घट्ट, पक्का असा होता आणि न जाणारा पक्का रंग किंवा गाढ झोप यांचे वर्णन करताना तो अजून टिकून आहे. क्रियाविशेषण म्हणून 'घट्टपणे'चे 'जोर लावून' झाले, जोर लावून धावणे म्हणजे वेगाने धावणे, आणि अशा रीतीने न हलणारा शब्द वेगाचा वाचक बनला. उपवासाचा अर्थही नियम घट्ट पाळण्यातूनच आला आहे.

इंग्रजीत हे इतके सहज का घडले, याचे सर्वांत मोठे कारण मला प्रत्ययांच्या लोपात दिसते. जुन्या इंग्रजीत प्रेम या नामाचे रूप 'लुफु' होते आणि प्रेम करणे या क्रियापदाचे 'लुफियन'. मध्ययुगात शेवटचे स्वर आणि प्रत्यय झिजले आणि दोन्हींच्या जागी एकच 'लव्ह' उरला. नाम कोणते व क्रियापद कोणते हे शब्दाच्या रूपावरून कळेनासे झाले आणि ते काम वाक्यातील स्थानाकडे गेले. एकदा ही मोकळीक मिळाल्यावर कोणतेही नाम क्रियापदासारखे वापरता येऊ लागले. त्यात 'अप', 'आउट', 'ऑफ' यांसारखी अव्यये जोडून नवे क्रियापद घडवण्याची सवय लागली, आणि 'सेट' किंवा 'पुट'च्या नोंदी फुगण्याचे बरेचसे श्रेय या जोडकामाला जाते.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. फूल या अर्थाचा 'फ्लॉवर' आणि पीठ या अर्थाचा 'फ्लार' हा एकच शब्द. धान्याचा उत्तम भाग म्हणजे जणू त्याचे फूल. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशातही दोन्ही अर्थ एकाच नोंदीत आहेत. स्पेलिंग वेगळे ठरल्यावर मात्र वाचकाच्या लेखी ते दोन शब्द झाले.

जॉन्सन यांनी 'टेक' या क्रियापदाचे १३४ अर्थ वेगळे काढले होते. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाभ्यासकांच्या संस्थेने १८५७ साली ज्या नव्या कोशाचा, म्हणजे पुढच्या ऑक्सफर्ड कोशाचा, विचार सुरू केला आणि जेम्स मरे यांच्या संपादनाखाली ज्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला, त्याने ही पद्धत आणखी पुढे नेली. स्वयंसेवक वाचकांनी पुस्तकांतून टिपून पाठवलेल्या अवतरणांच्या चिठ्ठ्यांवरून प्रत्येक अर्थ केव्हा प्रथम दिसला हे ठरवून अर्थ कालक्रमाने मांडले गेले. अनेकार्थतेला शास्त्रीय नाव मिळाले ते फ्रेंच भाषावैज्ञानिक मिशेल ब्रेआल यांच्या १८९७ च्या ग्रंथातून, आणि शब्द जितका अधिक वापरात तितके त्याचे अर्थ अधिक, हा संबंध अमेरिकेतील भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ साली आकड्यांनी मांडला.

तरीही ६४५ हा आकडा जपूनच वाचावा. माणूस धावतो, नदी वाहते, यंत्र चालते, या तिन्हींसाठी असलेला 'रन' तीन अर्थांचा मानायचा की 'गतीत असणे' या एकाच अर्थाचा, हा निर्णय शेवटी कोशकाराचा असतो. म्हणूनच विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कोशात त्याच शब्दाचे अर्थ काही डझनांत आटोपतात.