मुस्तफा इमामोविच

मुस्तफा इमामोविच (१९४१–२०१७) हे बॉस्नियाचे इतिहासकार आणि कायद्याचे अभ्यासक. राजधानी सारायेवोच्या लॉ फॅकल्टीत प्रोफेसर होते. विषय होता 'राज्य आणि कायद्याचा इतिहास', म्हणजे एखाद्या मुलखावर कोणाकोणाची सत्ता आली, त्यांनी कायदे कोणते केले, कोर्टं कशी चालवली, जमीन कोणाच्या नावावर लावली, सारा कोणी गोळा केला, हे सगळं कागदपत्रांवरून शोधून काढायचं. ऐकायला हा विषय रुक्ष वाटतो, पण बॉस्नियात तसा नाही, कारण तिथं गेली दीडशे वर्षं "हा देश कोणाचा" या एकाच प्रश्नावरून करार झाले, कायदे झाले आणि माणसंही मेली. इमामोविच यांनी या प्रश्नाची कागदावरची बाजू आयुष्यभर वाचली आणि ती वाचायची कशी हे लोकांना दाखवलं, हेच त्यांचं मोठं काम.

पुढं जायच्या आधी एक गोंधळ मिटवून घेऊ. 'बॉस्नियन' म्हणजे बॉस्निया-हर्झेगोविनाचा कोणीही रहिवासी, मग तो सर्ब असो, क्रोएट असो, ज्यू असो. 'बोश्नियाक' म्हणजे तिथला मुस्लिम समाज. हे लोक बाहेरून आलेले तुर्क नाहीत, शेजाऱ्यांसारखीच स्लाव भाषा बोलणारे तिथलेच लोक आहेत, ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्याच्या काळात त्यांच्या पूर्वजांनी इस्लाम स्वीकारला. इमामोविच हे आडनावच बघा ना, मूळ 'इमाम' आणि पुढं '-ओविच' हा वंश सांगणारा स्लाव प्रत्यय. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात आल्या.

जन्म ग्रादाचात्सचा. उत्तर बॉस्नियातलं हे गाव आलुबुखारासाठी प्रसिद्ध आहे, पण त्याची खरी ओळख म्हणजे तिथला किल्ला आणि हुसेन-कपेतान ग्रादाश्चेविच हा माणूस. 'बॉस्नियाचा ड्रॅगन' म्हणतात त्याला. रशियाशी झालेल्या १८२९ च्या एदिर्ने तहानंतर सुलतानानं सीमेवरचे सहा जिल्हे सर्बियाला द्यायचं ठरवलं आणि शिवाय लष्करात सुधारणा आणून इथल्या सरदारांचे जुने अधिकार काढायला घेतले, तेव्हा १८३१ मध्ये या हुसेननं बॉस्नियाला स्वायत्तता द्या म्हणून थेट सुलतानाविरुद्ध उठाव केला. वर्षभर टिकला. १८३२ ला सारायेवोजवळ हरला आणि १८३४ मध्ये इस्तंबूलमध्ये वारला, वय तिशीच्या थोडं पुढं. मुसलमान सरदार मुसलमान सुलतानाशी लढतोय आणि भांडण धर्माचं नाही, अधिकारांचं आहे, बॉस्निया हा वेगळा प्रदेश आहे की नाही याचं आहे. ग्रादाचात्सच्या पोराला ही गोष्ट वेगळी शिकवायला लागत नसणार, मान वर केली की बुरूज दिसतोच.

१८७८ ते १९१४: मालक एक, कारभारी दुसरा

इमामोविच यांचं नाव झालं ते १९७६ मध्ये आलेल्या पुस्तकामुळं. विषय होता १८७८ ते १९१४ या काळातलं बॉस्निया-हर्झेगोविनाचं कायदेशीर स्थान आणि तिथलं अंतर्गत राजकारण. पुढं त्याच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. माझ्या मते हेच त्यांचं सगळ्यात भक्कम काम, कारण तो काळच कायद्याच्या अभ्यासकासाठी विलक्षण आहे.

झालं असं की १८७८ च्या बर्लिन करारातल्या २५ व्या कलमानं ऑस्ट्रिया-हंगेरीला बॉस्निया ताब्यात घेऊन कारभार बघायची परवानगी दिली, मालकी मात्र दिली नाही. मालक कागदावर सुलतानच राहिला. जुलैअखेर फौजा आत शिरल्या, लोकांनी जोरदार प्रतिकार केला, १९ ऑगस्टला सारायेवो पडलं आणि पूर्ण ताबा मिळेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. मग एप्रिल १८७९ मध्ये इस्तंबूलला दोन्ही सरकारांचा वेगळा करार झाला, आणि त्यातल्या अटी बघितल्या की हा विषय एकदम हातात येतो: शुक्रवारच्या नमाजात सुलतानाचं नाव घेणं चालू राहील, जिथं मिनारावर ऑटोमन झेंडा लावायची रीत आहे तिथं तो लावता येईल, ऑटोमन नाणी चालतील, आणि या प्रांतांचं उत्पन्न याच प्रांतांवर खर्च होईल. म्हणजे मिनारावर झेंडा सुलतानाचा आणि खाली रस्त्यावर शिपाई सम्राट फ्रान्झ योसेफचा, आणि हे काही दिवस नाही, तीस वर्षं.

त्यात ऑस्ट्रिया आणि हंगेरी ही दोन वेगळी राज्यं, एकाच राजाखालची. बॉस्निया यातल्या कोणाचा? कोणाचाच नाही. म्हणून १८८० मध्ये दोन्ही संसदांनी कायदा करून कारभार दोघांच्या सामायिक अर्थमंत्र्याकडं दिला. मूळचा खजिन्याचा मंत्री, त्याच्याकडं एक अख्खा प्रांत आला. १८८२ पासून १९०३ पर्यंत बेन्यामिन काल्लाय हा त्या खुर्चीत होता.

सत्ता आणि मालकी अशी वेगवेगळी ठेवली की त्याचे परिणाम साध्या माणसाच्या दारात येतात. नोव्हेंबर १८८१ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला. आता प्रश्न असा की माणूस प्रजा सुलतानाची, मग दुसऱ्या सम्राटाच्या सैन्यात तो कोणत्या कायद्यानं जाणार? जानेवारी १८८२ मध्ये हर्झेगोविनात उठाव झाला आणि त्यात सर्ब शेतकरी आणि मुस्लिम शेतकरी एकत्र होते. हा तपशील विसरला जातो, तो विसरू नये.

जमीन आणि 'हक'

सगळ्यात अवघड प्रश्न होता जमिनीचा, आणि मराठी वाचकाला तो पटकन कळेल कारण आपल्याकडं कूळ आणि कूळकायदा हे शब्द घराघरात माहीत आहेत. बॉस्नियात जमीनमालकाला 'आगा' म्हणायचे आणि कुळाला 'क्मेत'. ऑटोमन सरकारनं १८५९ मध्ये एक फर्मान काढून या दोघांचं नातं लेखी बांधून दिलं. साधारण रीत अशी की दहावा हिस्सा सरकारला आणि उरलेल्यातला तिसरा हिस्सा आगाला. आगाच्या या हिश्शाला तिथं 'हक' म्हणत. आपला 'हक्क' तो हाच शब्द, अरबीतून इकडंही आला आणि तिकडंही गेला, आणि गंमत नाही खरंच सांगतो, मराठेशाहीच्या कागदांत देशमुख-देशपांड्यांचे 'हक्क' येतात तेव्हा त्याचा अर्थ हाच असतो, वसुलीतला ठरलेला वाटा. तसंच ऑटोमन नोंदवह्यांना 'देफ्तेर' म्हणतात, तो शब्द आणि पेशवे दप्तरातलं दप्तर हे एकच.

नवीन सरकार येताना मोठी सुधारणा होणार अशी आशा होती, पण त्यांनी जमिनीचा ऑटोमन कायदाच चालू ठेवला कारण जमीनदारांना दुखवायचं नव्हतं. १९१० च्या शिरगणतीत जमीनमालक, म्हणजे ज्यांच्या जमिनीवर कुळं होती ते, ९० टक्क्यांहून जास्त मुस्लिम होते आणि कुळं जवळजवळ तीन चतुर्थांश ऑर्थोडॉक्स म्हणजे सर्ब, बाकी बहुतेक कॅथलिक. हा आकडा दाखवून "मुस्लिम म्हणजे जमीनदार" असं सरसकट बोललं जायचं, अजूनही बोललं जातं, पण ते चूक आहे कारण मुस्लिमांमध्ये स्वतःची थोडीशी जमीन कसणारे स्वतंत्र शेतकरी प्रचंड होते. आगा मुस्लिम होते म्हणून सगळे मुस्लिम आगा होत नाहीत. १९११ मध्ये कायदा झाला तोही ऐच्छिक, मालक आणि कूळ दोघं राजी असतील तर कुळानं पैसे भरून जमीन सोडवून घ्यायची. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हजारो कुटुंबं अजून कूळच होती.

१९१० चं संविधान

ऑक्टोबर १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीनं बॉस्निया उघडपणे खालसा केला आणि युरोपभर संकट उभं राहिलं. त्यानंतर फेब्रुवारी १९१० मध्ये बॉस्नियाला संविधान आणि विधानसभा मिळाली, तिला 'साबोर' म्हणत. ९२ सभासद, त्यातले ७२ निवडलेले आणि २० पदसिद्ध, धर्मगुरू आणि बडे अधिकारी वगैरे. निवडलेल्या ७२ जागा धर्मानुसार वाटलेल्या: ऑर्थोडॉक्स ३१, मुस्लिम २४, कॅथलिक १६, ज्यू १. शिवाय मतदारांचे तीन वर्ग, एकात मोठे जमीनदार, जास्त कर भरणारे आणि शिकलेले, दुसऱ्यात शहरी लोक, तिसऱ्यात खेडूत. खेडूत संख्येनं कितीतरी जास्त, पण त्यांच्या वाट्याला ७२ पैकी ३४ जागा. आणि एवढं करून साबोरला स्वतःच्या मनानं कायदा करता येत नव्हता, मसुद्याला व्हिएन्ना आणि बुडापेस्ट दोन्हीकडून होकार लागायचा आणि नंतर सम्राटाची सही.

१५ जून १९१० ला साबोर उघडलं. त्याच दिवशी सारायेवोतल्या पुलावर बोग्दान झेरायिच नावाच्या विद्यार्थ्यानं गव्हर्नरवर पाच गोळ्या झाडल्या, सगळ्या चुकल्या, आणि त्यानं शेवटची स्वतःला मारून घेतली. चारच वर्षांनी त्याच नदीकाठी ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९१४ पर्यंतच्या घडामोडींना कायद्याच्या बाजूनं भिडलं की सारायेवोचा खून हा आभाळातून पडलेला प्रसंग राहत नाही, त्याच्यामागं कुळाचा प्रश्न, मताचा प्रश्न, मालकीचा प्रश्न असं सगळं रांगेत उभं दिसतं.

'बोश्नियाकांचा इतिहास'

सामान्य वाचकाला इमामोविच माहीत आहेत ते 'हिस्तोरिया बोश्न्याका' म्हणजे 'बोश्नियाकांचा इतिहास' या १९९७ च्या पुस्तकामुळं. सहाशेहून जास्त पानांचं हे पुस्तक 'प्रेपोरोद' या बोश्नियाक सांस्कृतिक संस्थेनं छापलं. ते कधी आलं हे महत्त्वाचं आहे. पहिल्या महायुद्धानंतर बॉस्निया ज्या देशात गेला त्या युगोस्लाव्हियात या समाजाला बराच काळ स्वतःचं नावच नव्हतं, शिरगणतीत कधी 'अनिर्धारित' लिहा, कधी सर्ब किंवा क्रोएट म्हणून लिहा. १९६८ मध्ये बॉस्नियाच्या कम्युनिस्ट नेतृत्वानं त्यांना वेगळं राष्ट्र मानलं आणि १९७१ च्या शिरगणतीत 'मुस्लिम' हे राष्ट्रीयत्व म्हणून आलं. म्हणजे देव न मानणारा माणूससुद्धा कागदावर 'मुस्लिम'. मग सप्टेंबर १९९३ मध्ये, युगोस्लाव्हिया फुटल्यानंतरच्या युद्धात सारायेवोला बॉस्नियन सर्ब फौजांचा वेढा पडलेला असताना, तिथं भरलेल्या परिषदेनं 'बोश्नियाक' हे जुनं नाव परत घेतलं. वेढा फेब्रुवारी १९९६ ला उठला आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक हातात आलं.

त्या वेढ्यात कागदही जळले. मे १९९२ मध्ये प्राच्यविद्या संस्थेवर मारा झाला आणि पाच हजारांहून जास्त हस्तलिखितं गेली, ऑटोमन काळाची दप्तरं गेली. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाची इमारत पेटवली. शहरावर राखेचे कपटे पडत होते. ज्याचा सगळा अभ्यास अशा कागदांवर उभा त्या पिढीतल्या इतिहासकारांचं काय झालं असेल, मला तरी हे वाचताना पुढं सरकता येत नाही. अशा वेळी मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंतचा सलग इतिहास एका पुस्तकात मांडणं ही लोकांची गरज होती.

पुस्तकावर आक्षेप घेता येतो आणि तो घ्यायला हवा. एका समाजाचं नाव घेऊन आठशे वर्षांची सरळ रेघ ओढली की आजची ओळख मागच्या काळावर चढवली जाते, पंधराव्या शतकातला शेतकरी स्वतःला काय म्हणवत होता हे आपण आज ठरवून टाकतो. हा धोका राष्ट्राचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाच टळत नाही, शेजारच्या सर्ब आणि क्रोएट इतिहासलेखनात तर तो भरपूर आहे. पण इमामोविच जिथं कर, कोर्ट, वक्फ, शाळा यांच्यावर येतात तिथं त्यांची पकड पक्की आहे, तिथं कायद्याचा माणूस बोलतो.

त्यांनी १९९६ मध्ये परदेशात गेलेल्या बोश्नियाकांवरही पुस्तक लिहिलं, आदिल झुल्फिकारपाशिच या परदेशात राहिलेल्या बोश्नियाक नेत्याच्या वर्तुळातून निघणाऱ्या 'बोसान्स्की पोग्लेदी' या नियतकालिकाच्या आधारानं. देशात जे लिहिता येत नव्हतं ते तिथं लिहिलं जायचं. इंग्रजीतही २००६ मध्ये त्यांचं बॉस्नियाच्या राजकीय आणि कायदेशीर संस्थांवरचं पुस्तक आलं.

विद्यार्थ्यांसाठी मात्र इमामोविच म्हणजे १९९९ चं 'बॉस्निया-हर्झेगोविनाच्या राज्याचा आणि कायद्याचा इतिहास' हे पाठ्यपुस्तक. या विषयाच्या अगदी सुरुवातीला येणारा कागद म्हणजे २९ ऑगस्ट ११८९ चं बान कुलिनचं पत्र, 'बान' म्हणजे तिथला राज्यकर्ता. दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांना त्यानं लिहून दिलंय की माझ्या मुलखात कुठंही फिरा, व्यापार करा, कोणी स्वखुशीनं भेट दिली तर ठीक, बाकी कर नाही. सारायेवोची लॉ फॅकल्टी मिल्यात्स्का नदीच्या काठावर आहे आणि त्या काठाच्या रस्त्याचं नाव आहे ओबाला कुलिना बाना, म्हणजे कुलिन बानाचा काठ.