चट्टा गुळगुळीत आहे, म्हणजे चाईच असं नाही

डोक्यावर रुपयाएवढा चट्टा दिसला की सासूबाईंपासून पार्लरवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, चाई. मग कांद्याचा रस येतो, लसूण येतो, आणि "येतील गं परत, धीर धर" हेही येतं. चाई असेल तर धीर धरून फारसं बिघडत नाही. पण तसाच दिसणारा दुसरा एक आजार आहे, आणि त्यात धीर धरण्यात जाणाऱ्या महिन्यांत केसांची मुळं कायमची जातात. माझी दोन वर्षं अशी गेली. टाळूवरचा अर्ध्या तळव्याएवढा भाग आता भरून येणार नाही.

चाई सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच केसांवर उलटते आणि गोल चट्टा पडतो. मुलांना होते, पुरुषांच्या दाढीतही होते. कधी नखांवर बारीक खड्डे दिसतात. पुष्कळदा केस आपोआप येतात, बहुतेक वेळा आधी पांढरे. कुठलीही कीड केस खात नाही, ती समजूत आता सोडा. बाळंतपणानंतर किंवा डेंगी-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने जाणारे केस हा तिसराच प्रकार. त्यात चट्टा पडत नाही.

दुसऱ्या आजाराला मी वणाची केसगळती म्हणते. डॉक्टरांच्या कागदावर 'सिकॅट्रिशियल' किंवा 'स्कारिंग अलोपेशिया' असं लिहिलेलं असतं. हे खरं तर एक घराणंच आहे. त्यात लायकेन प्लॅनोपिलॅरिस आहे, डिस्कॉइड ल्युपस आहे, आणि कपाळावरची केसांची रेघ मागे सरकवणारा, भुवयाही विरळ करणारा फ्रंटल फायब्रोसिंग अलोपेशिया आहे. या शेवटच्याचं वर्णन १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्टीव्हन कोसार्ड यांनी पाळी गेलेल्या सहा बायकांवरून केलं. भुवया वयानुसार विरळ होतातच, असं म्हणून ही खूण किती जणींनी सोडून दिली असेल!

वण म्हटलं की बायका म्हणतात, मला तर कधी जखमच झाली नाही. देवीचे वण डोळ्यांसमोर असतात ना. इथली जखम कातडीच्या आत, एकेका केशकूपाभोवती, म्हणजे केस जिथून उगवतो त्या बारीक खळग्याभोवती होते. बाहेरून दिसतो तो फक्त गुळगुळीत चट्टा. आणि चाईचा चट्टाही गुळगुळीतच असतो. सगळा घोळ इथे आहे.

उसाचं उदाहरण घ्या. ऊस तोडला तरी बुडखा जिवंत असतो, म्हणून खोडवा फुटतो. केस पुन्हा उगवणाऱ्या मूळपेशी केशकूपाच्या तळाशी नसतात. त्या वरच्या अंगाला, तेलाच्या ग्रंथीच्या जरा खाली असतात. चाईतली सूज तळाशी, केस तयार होतो त्या गड्ड्याभोवती असते. केस तुटतो, पण मूळपेशी वाचतात. म्हणून वर्षांनंतरही केस येऊ शकतात. वणाच्या केसगळतीत सूज नेमकी त्या मूळपेशींच्या जागी बसते. त्या मेल्या की त्या जागी तंतुमय वण भरतो आणि केस बाहेर येण्याचं छिद्रच बुजतं. बुडखाच जळाल्यावर खोडवा कुठून येणार?

म्हणून चट्टा किती गुळगुळीत आहे हे बघत बसू नका. छिद्रं बघा. दिवसाच्या उजेडात, तेल न लावता, दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर जवळून फोटो काढायला सांगा. चाईत बारीक ठिपक्यांसारखी छिद्रं सहसा शिल्लक दिसतात. वणात ती पुसलेली असतात, कातडी चकाकते, आणि चट्ट्याच्या कडेच्या केसांच्या बुडाशी कोंड्यासारखी पापुद्री असते. पुस्तकात तिथे लाली दिसते असं लिहितात, पण आपल्या सावळ्या कातडीवर ती जांभळट किंवा करडी दिसते आणि सहज निसटते. त्याच जागी खाज, आग किंवा हात लावला की दुखणं असेल, तर महिनाभरही थांबू नका. मला खाज होती. मी कोंड्याचे शाम्पू बदलत राहिले. मात्र वण असूनही काहींना काहीच जाणवत नाही, तेव्हा खाज नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

फोटोवरून निदान होत नाही. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने बघतात आणि गरज पडली तर कातडीचा चार मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात. भूल देऊन करतात, एक-दोन टाके पडतात. तुकडा चट्ट्याच्या मध्यातून घेतला तर फक्त जुना वण दिसतो. तो सूज चालू असलेल्या कडेवरून घ्यायला हवा. हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. डिस्कॉइड ल्युपस निघाला तर रक्ताच्या तपासण्याही होतात आणि उन्हापासून डोकं झाकावं लागतं.

उपचारांतला फरकही याच एका गोष्टीतून येतो. चाईत केस परत आणायचे असतात. वणात आहेत ते वाचवायचे असतात. स्टेरॉइडचं मलम, चट्ट्याच्या कडेला इंजेक्शनं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (त्यासाठी डोळे तपासून घ्यावे लागतात), डॉक्सिसायक्लिन. सहा महिन्यांनी चट्टा तेवढाच राहिला, तर ते यश आहे. हे मला सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं, तर औषध लागू पडत नाही म्हणून मी मध्येच बंद केलं नसतं. चाईसाठी २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या बॅरिसिटिनिब या औषधाच्या बातम्या मला अजून फॉरवर्ड होतात. ती मंजुरी तीव्र चाईसाठी आहे. आणि आजार शांत होऊन एक-दोन वर्षं गेल्याशिवाय केस रोपण करतो म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका. सूज चालू असेल तर लावलेले केसही मरतात.

कांद्याच्या रसाने आधीच सुजलेली कातडी आणखी भाजते. घट्ट अंबाडा मला आता नकोच. टॉपरच्या, म्हणजे टाळूवर लावायच्या अर्ध्या टोपाच्या क्लिपा मी चट्ट्याच्या कडेपासून लांब लावते. चट्टा झाकणारी पावडर बरी आहे, फक्त तपासणीच्या दिवशी डोकं धुऊन जायचं.

आपल्याकडे बाईच्या उघड्या टाळूला केशवपनाची आठवण चिकटलेली आहे. म्हणून बघणाऱ्या बायका आधी दचकतात आणि मग दया दाखवतात. ती दया मला केस जाण्याहून जड जाते. हळदीकुंकवाला कुणी मागून गजरा माळायला आली की मी वळून सांगते, "काकू, इथे केस येत नाहीत, वण आहे, हातात द्या." मागच्या चैत्रात एक काकू गजरा तसाच धरून थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या भुवया बघतेस का जरा?"