खालून दिलेलं औषध किती लवकर लागतं?

बाळ तापाचं औषध ओकून टाकतं तेव्हा डॉक्टर पॅरासिटामॉलची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायची औषधाची घट्ट वात, ठेवायला सांगतात. सिझेरियननंतर दुखणं कमी व्हावं म्हणून डायक्लोफिनॅकचीही ठेवतात. नाशिकमध्ये नातेवाइकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘खालून दिलं की लगेच लागू पडतं.’ पॅरासिटामॉलच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे मुलांना नको तितका डोस जातो.

मार्ग जुना आहे. इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी 1550 च्या सुमारास, गुदमार्गे औषध देण्याचे उल्लेख आहेत. पंचवटीतल्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकवतात त्या पंचकर्मांतही बस्ती आहेच, आणि चरकसंहितेत तिला अर्धी चिकित्सा म्हटलं आहे. बस्तीत द्रव जातो, फलवर्तीत घट्ट वात. द्रव की घट्ट, हा फरक पुढे मोजमापात फार महत्त्वाचा ठरला.

1762 मध्ये फ्रेंच औषधनिर्माते आंत्वान बोमे यांनी सपोझिटरीत औषध मिसळायला कोको बटर सुचवलं. खोलीत घट्ट राहणारं आणि शरीराच्या उष्णतेने वितळणारं हे माध्यम फार सोयीचं होतं. विसाव्या शतकात कृत्रिम चरबी आली, तसंच न वितळता पाण्यात विरघळणारं पॉलिएथिलीन ग्लायकॉलही आलं. पण माध्यम वितळलं म्हणजे औषध रक्तात गेलं असं होत नाही. आधी ते चरबीतून सुटतं, मग तिथल्या ओलाव्यात विरघळतं, त्यानंतरच आतड्याच्या अस्तरातून आत शिरतं.

खरी अडचण त्या ओलाव्याची. गुदाशयात द्रव असतो अवघा 1 ते 3 मिलिलिटर. शरीराच्या तापमानाला एका मिलिलिटर पाण्यात पॅरासिटामॉल 20 मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं. म्हणजे 250 मिलिग्रॅमच्या सपोझिटरीतलं बरंचसं औषध आपली पाळी येईपर्यंत तसंच पडून राहतं. तोंडाने घेतलेल्या सिरपची रक्तातली पातळी बहुधा अर्ध्या ते एका तासात शिगेला पोचते. सपोझिटरीला सहसा दोन-तीन तास लागतात, आणि किती औषध शोषलं जाईल हेही प्रत्येक मुलात वेगळं.

1970-80 च्या दशकांत नेदरलँड्समधल्या खोनिंगन आणि लायडनच्या संशोधकांनी अशा तुलना चिकाटीने केल्या. औषध आधीच विरघळलेलं असेल तर गुदमार्गानेही ते भराभर शोषलं जातं. झटके थांबवायला डायझेपाम गुदमार्गे द्रवरूपात देतात ते याच कारणाने. डायक्लोफिनॅकचं चित्र मात्र उलटं. त्याची आवरण असलेली गोळी जठर ओलांडेपर्यंत विरघळतच नाही, त्यामुळे सपोझिटरी तिच्या आधी, साधारण तासाभरात, शिगेला पोचते. मार्ग तोच, पण वेग औषधाप्रमाणे आणि त्याच्या रूपाप्रमाणे बदलला.

यकृत औषधाचा काही भाग मोडून टाकतं, आणि खालून दिलं की ते यकृत टळतं असंही म्हणतात. हेही अर्धंच खरं. गुदाशयाच्या खालच्या आणि मधल्या शिरांचं रक्त यकृताला वळसा घालून जातं, वरच्या शिरांचं थेट यकृतात. वितळलेलं औषध वर सरकलं की फायदा कमी होतो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. गाडीच्या डिकीत वितळलेली सपोझिटरी फ्रिजमध्ये पुन्हा घट्ट होते, पण औषध एका टोकाला बसलेलं असू शकतं. अशी सपोझिटरी अर्धी कापून देऊ नये, टाकून द्यावी. आणि ठेवल्यावर तासाभरात ताप उतरला नाही म्हणून वर सिरप पाजू नये. दोन्हींत पॅरासिटामॉलच असतं आणि पहिलं अजून रक्तात पोचायचं असतं.