कार्बनी अब्जांश द्रव्ये : ऊर्जासाठा व विद्युत् चुंबकीय कवच

किमान एक मिती सुमारे १ ते १०० नॅनोमीटर असलेली कार्बनची रूपे. ऊर्जासाठा आणि विद्युत् चुंबकीय कवच (विद्युत् चुंबकीय तरंग अडवणारे आवरण) या दोन उपयोगांत ग्राफीन (एका अणूइतक्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा), कार्बन नलिका (असा पापुद्रा गुंडाळल्यासारख्या नळ्या) व सच्छिद्र कार्बन महत्त्वाचे. फुलरिनांचा (पिंजऱ्यासारख्या बंद कार्बन रेणूंचा) वाटा गौण आहे.

नलिकांच्या शोधाचे श्रेय बहुधा सुमिओ इजिमा यांना (१९९१) देतात. विद्युत् प्रज्योतीच्या (आर्कच्या) ऋणाग्रावर जमलेल्या निक्षेपात त्यांना ४ ते ३० नॅनोमीटर व्यासाच्या, एकात एक बसलेल्या नळ्यांच्या सुया दिसल्या. मात्र रादुश्केविच व लुक्यानोविच यांनी १९५२ मध्येच सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ कार्बन तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रे छापली होती. लेख रशियन भाषेत असल्याने इतरत्र तो फारसा वाचला गेला नाही. ओबर्लिन, एन्डो व कोयामा यांचे अशाच पोकळ तंतूंवरील काम १९७६ चे आहे. म्हणून १९९१ हे शोधाचे नव्हे, तर या विषयाकडे जगाचे लक्ष वळल्याचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक ठरते. एकभित्ती (एकाच थराची भिंत असलेल्या) नलिकांची नोंद मात्र सहसा १९९३ ची मानतात.

महाधारित्रात (सुपरकपॅसिटर या ऊर्जा साठवणाऱ्या साधनात) विद्युत् भार कार्बनच्या पृष्ठभागावर साठतो, त्यामुळे क्षेत्रफळाला महत्त्व येते. ग्राफीनचे सैद्धांतिक क्षेत्रफळ ग्रॅममागे सुमारे २,६३० चौ. मी. आहे, पण वाळताना पापुद्रे एकमेकांना चिकटतात व त्यातले बरेचसे वाया जाते. शिवाय नुसते क्षेत्रफळ पुरत नाही. १ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांत आयन शिरणार नाहीत, असा पूर्वी समज होता. २००६ मध्ये अशा छिद्रांत धारिता (भार साठवण्याची क्षमता) उलट वाढलेली आढळली. आयन आपले विद्रावकाचे वेष्टन अंशतः उतरवून आत जातात, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. लिथियम घटात नलिका मुख्यतः विद्युत् संवाहक पूरक म्हणून घालतात.

कवचाची परिणामकारकता डेसिबेलमध्ये सांगतात : २० डेसिबेल म्हणजे १ टक्का, तर ३० म्हणजे ०.१ टक्का शक्ती पलीकडे जाते. लांब, बारीक नलिका बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) अल्प प्रमाणातही संवाहक जाळे विणतात. ‘शोषणप्रधान कवच’ हा शब्द जपून वापरावा. एखादे पटल ९० टक्के शक्ती परावर्तित करून उरलेल्या १० टक्क्यांपैकी शंभरावा भागच पुढे जाऊ देत असेल, तर हिशेबात परावर्तन १० व शोषण २० डेसिबेल येते. प्रत्यक्षात शोषली जाते ती ९.९ टक्केच शक्ती.