माइस प्रयोगाचे चल लक्ष्य

माइस प्रयोगाचे चल लक्ष्य : प्रोटॉनांच्या फिरत्या शलाकेच्या (झोताच्या) कडेत क्षणभर बुडवून लगेच बाहेर ओढून घेतली जाणारी टायटॅनियमची नळी आणि तिला हलवणारी यंत्रणा. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशर परगण्यात रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळा आहे. तेथील ‘आयसिस’ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रोटॉनांना वलयात फिरवत वेग देणाऱ्या प्रवेगकावर, ही यंत्रणा म्यूऑन आयनीकरण शीतन प्रयोगासाठी, म्हणजेच ‘माइस’साठी, बसवली होती. तिची घडण मुख्यत्वे शेफील्ड विद्यापीठात झाली. जानेवारी २००८ मध्ये पहिले लक्ष्य वलयात बसले. प्रयोगाची मापने २०१७ च्या अखेरीपर्यंत चालली.

माइसला म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण बरेच जड कण, हवे होते. म्यूऑन सरासरी २·२ मायक्रोसेकंदांत नष्ट होतो, त्यामुळे तो साठवून ठेवता येत नाही, लागेल तेव्हा तयार करावा लागतो. वेगवान प्रोटॉन धातूच्या अणुकेंद्रांवर आदळले की पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात आणि पायॉनांच्या ऱ्हासातून म्यूऑन मिळतात. हे म्यूऑन विस्कळीत असतात. द्रव हायड्रोजन किंवा लिथियम हायड्राइड यांतून नेऊन त्यांची शलाका आटोपशीर करता येते का, हे माइसला दाखवायचे होते. ‘शीतन’ हा शब्द येथे त्याच अर्थाने येतो, थंडाव्याशी त्याचा संबंध नाही. तसे शीतन घडते, हा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

अडचण यजमान यंत्राची होती. आयसिस मुळात न्यूट्रॉन स्रोत म्हणून चालते. तेथील प्रोटॉनांवर देशोदेशीच्या पदार्थशास्त्रज्ञांची कामे अवलंबून असतात आणि माइस त्यांच्या घरातला भाडेकरू. १६३ मीटर परिघाच्या वलयात प्रोटॉन ७० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने शिरतात आणि १० मिलिसेकंदांत ८०० दशलक्षांपर्यंत पोहोचून बाहेर काढले जातात. हे चक्र सेकंदाला ५० वेळा होते. ऊर्जा वाढत जाते तशी शलाका आक्रसते. शिरतानाची रुंद शलाका लक्ष्याला लागता कामा नये. शेवटच्या एक-दोन मिलिसेकंदांत, प्रोटॉन जवळजवळ पूर्ण ऊर्जेला आलेले असताना, लक्ष्याने आक्रसलेल्या शलाकेची कड गाठायची आणि पुढचे प्रोटॉन शिरण्याआधी वाटेतून दूर व्हायचे. एखादी वस्तू नुसती सोडून दिली तर १० मिलिसेकंदांत ती जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली येते. येथे काही सेंटीमीटरांची ये-जा हवी होती. त्यासाठी गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ८० पट त्वरण लागले.

एवढे त्वरण रेषीय विद्युत् मोटरने दिले. लक्ष्याच्या दांड्यावर निओडिमियमचे कायमचुंबक होते. त्यांच्याभोवती स्थिर भागात तांब्याच्या तारेची २४ वेटोळी एकावर एक रचलेली होती आणि पाण्याने थंड ठेवली जात. वेटोळ्यांतील प्रवाह ठराविक क्रमाने बदलला की दांडा खाली झेपावे, मग उलट्या बलाने वर खेचला जाई. दांड्याच्या वरच्या टोकाला बारीक फटी असलेली पट्टी होती. तिच्यातून जाणाऱ्या लेसर किरणांवरून स्थान मिलिमीटरच्या अंशापर्यंत कळे. सुरुवातीला लक्ष्याचा खालचा भाग पात्यासारखा होता, पुढे त्याजागी पोकळ नळी आली. दोन बुडव्यांच्या मधल्या वेळात लक्ष्य चुंबकीय बलावर अधांतरी असे. वीज गेली असती तर ते आपसूक खाली येऊन शलाकेच्या वाटेत उभे राहिले असते. म्हणून सगळी यंत्रणा वर उचलणारी चौकट आणि वलयाचा निर्वात वेगळा करणारी झडप आधीपासूनच जोडलेली होती.

शलाकेत नेण्याआधीची चाचणी कंटाळवाणी, पण निर्णायक होती. त्याच घडणीचे दुसरे यंत्र वलयाबाहेर ठेवून दिवसरात्र खालीवर चालवले जाई, दहा लाखांच्या घरात बुडव्या होईपर्यंत. या चाचण्यांत खरा शत्रू उघडा पडला : बेअरिंग, म्हणजे दांड्याला सरळ वाटेत धरून ठेवणारा आधार. निर्वातात वंगण घालता येत नाही. हिऱ्यासारख्या कठीण कार्बन-थराचे पृष्ठभागही एकमेकांवर घासून भुकटी पाडत, आणि प्रवेगकाच्या निर्वातात भुकटी नकोशी असते. पुढे उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकची बेअरिंगे आली आणि वेटोळी गुंडाळण्याची पद्धतही सुधारली, कारण चुंबकीय अक्ष जरा तिरका असला तरी दांडा एका बाजूला घासतो. नंतरच्या नियंत्रकाने प्रत्येक बुडवीच्या नोंदीतून घर्षणाचा अंदाज घेता येऊ लागला. लक्ष्य म्हातारे होत चालल्याचे ते अडकून बसण्याआधीच कळणे, ही माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी कमाई आहे.

प्रत्यक्ष शलाकेतील चाचणीत दोनच गोष्टी बदलायच्या असत : लक्ष्य शलाकेच्या अक्षाच्या किती जवळ न्यायचे, आणि चक्रातल्या कोणत्या क्षणी. बुडवी आयसिसच्या प्रारंभ-संकेताशी जोडलेली असे. लक्ष्य थोडे थोडे खोल नेत परिणाम पाहिला जाई. तो दिसे शलाका-हानीत, म्हणजे वलयातून निसटणाऱ्या प्रोटॉनांच्या प्रमाणात. ही हानी वलयाभोवतीचे आर्गॉन भरलेले आयनीकरण कक्ष मोजत आणि तिचा आकडा चक्क व्होल्टमध्ये सांगितला जाई. ‘आज दोन व्होल्टवर चालू’ हे वाक्य बाहेरच्याला विजेचे वाटे, पण ते सांडलेल्या प्रोटॉनांबद्दल असे. दुसरीकडे लक्ष्यापासून काही मीटरवरचे प्रस्फुरक शोधक (कण आदळला की चमकणारे) आणि पुढच्या शलाकामार्गातील शोधक कणांची आवक मोजत. हानी वाढेल तशी आवक साधारण त्याच प्रमाणात वाढते, असे मापनांत दिसले. २०१० मध्ये १० व्होल्टपर्यंत जाऊन हे तपासले गेले.

मग लक्ष्य आणखी खोल का नेत नसत? सांडलेले प्रोटॉन भोवतालचे चुंबक आणि नळ्या किरणोत्सारी करतात, आणि त्या यंत्रांची दुरुस्ती माणसांनाच जवळ जाऊन करावी लागते. त्यामुळे रोजच्या कामाची मर्यादा म्यूऑनांच्या गरजेवरून ठरत नसे. वलय किती हानी सोसू शकते, यावरून ठरे. सेकंदाच्या ५० स्पंदांपैकी फार तर एखाद्यातच लक्ष्य बुडे, बाकीचे स्पंद अस्पर्श राहत.

लक्ष्यातून निघालेले पायॉन चुंबकांनी गोळा करून ५ मीटर लांबीच्या अतिसंवाहक सोलेनॉइडमध्ये, म्हणजे नळीच्या आकाराच्या लांब विद्युत् चुंबकात, नेले जात. हे सोलेनॉइड स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतून आणलेले होते. पायॉनांचे म्यूऑन त्यातच होत आणि तेथून पुढे माइसची दालने सुरू होत.